माळाची नोंदवही

वनस्पतींचं काम करणाऱ्या मंडळाला बुलडाणा जिल्ह्यात कुठेही गेलं तरी पहिला प्रश्न एकच येतो: यंदा किती झाडं लावलीत? मुख्याध्यापक विचारतात, सरपंच विचारतात, मंडळाला मदत करू पाहणारे दुकानदारही विचारतात. प्रश्नामागची कळकळ खरी आहे. मार्च संपत आला की विहिरी तळ दाखवतात, टँकरची वाट पाहणारी गावं दर उन्हाळ्यात असतात, आणि सावलीचं मोल इथल्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. तरीही या प्रश्नाचं उत्तर देताना मी दर वेळी तेच सांगतो, की झाडं लावणं हे आमचं मुख्य काम नाही. आपल्या आपण जे उगवतं ते कुठे उगवतं, केव्हा फुलतं, केव्हा दिसेनासं होतं, याची तारीख आणि जागा घालून नोंद ठेवणं हे आमचं काम आहे. झाड लावायला ग्रामपंचायत आहे, वनविभाग आहे, शाळा आहेत, उत्साही तरुण आहेत. नोंद ठेवायला मात्र कुणी नाही, आणि नोंदीवाचून लावलेलं झाड बऱ्याचदा चुकीच्या जागी उभं राहतं. अनेक पावसाळे या कामात गेल्यावर माझं हे मत सैल न होता घट्टच झालं आहे.

नोंदींची उणीव बुलडाण्याला इतिहासाकडूनच मिळाली आहे. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात सिद्ध केला. पश्चिम महाराष्ट्रात वनस्पतीशास्त्र शिकणारा माणूस आजही त्या ग्रंथापासून सुरुवात करतो. पण वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता. १८५३ साली तो निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला, १९०३ नंतर मध्य प्रांताला जोडला गेला, आणि आपला जिल्हा कुकच्या पानांबाहेर राहिला. शेजारच्या खानदेशातली झाडं ग्रंथात आली, त्याच डोंगररांगेवरची इकडची आली नाहीत. १९१६ साली विट यांनी मध्य प्रांताच्या उत्तर आणि वऱ्हाड वनमंडळांतल्या झाडाझुडपांची यादी केली. ती वनखात्याच्या कामासाठी होती, त्यामुळे तिचा भर लाकूड आणि उपयोगाच्या वनस्पतींवर होता. सबंध जिल्ह्याची म्हणता येईल अशी वनस्पतीसूची दिवाकर आणि शर्मा यांनी केली आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने ती २००० साली प्रसिद्ध केली. म्हणजे पुण्या-मुंबईच्या अभ्यासकाला शंभर वर्षं मागे वळून पाहता येतं, तिथे आपल्याला पक्की म्हणता येईल अशी पायरी मिळते ती पंचवीस वर्षांपूर्वीची. ती पायरी मोलाची आहे. पण एका पायरीचा जिना होत नाही.

आणि जिल्हा साधा नाही. उत्तरेला सातपुड्याची धार आणि त्यात अंबाबरवा, मध्ये पूर्णेचं काळ्या मातीचं खोरं आणि त्यातला खारपाणपट्टा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, ज्ञानगंगेचं जंगल, पैनगंगेचा उगम, आणि आग्नेयेला लोणार. जळगाव जामोदच्या डोंगरातलं गवत मेहकरच्या माळावर सापडेलच असं नाही. म्हणून आमच्या कामाचा बहुतेक वेळ नकाशा, वही आणि दाबपट्टी यांतच जातो. पावसाळ्यात गोळा केलेला नमुना वर्तमानपत्रांच्या घड्यांत ठेवून लाकडी चौकटीत आवळायचा आणि कागद रोज बदलायचे. एक दिवस चुकला तर बुरशी धरते. चिवळीसारखी मांसल भाजी दाबाखालीही जिवंत राहते, चार दिवसांनी उघडून पाहावं तर कळी पुढे सरकलेली असते, म्हणून ती आधी उकळत्या पाण्यातून काढावी लागते. केन्याची निळी पाकळी दुपारपर्यंत विरघळून जाते. रंग तिथल्या तिथे लिहिला नाही तर कागदावर फक्त एक डाग उरतो. लेबलावर गाव, शिवार, मातीचा प्रकार, तारीख, फुलाचा रंग, स्थानिक नाव आणि नाव सांगणाऱ्याचं गाव. हे सगळं कंटाळवाणं वाटतं, पण यातली एक ओळ गळाली की नमुना नुसतं वाळलेलं गवत होतो.

आता झाडं लावण्याच्या आग्रहाकडे वळतो, कारण आमच्यावरचा सगळ्यात मोठा आक्षेप तोच आहे. राज्यात २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी रोपं लावण्याचं उद्दिष्ट ठरलं. एवढी माणसं रोप हातात घेऊन घराबाहेर पडली ही गोष्ट मी लहान मानत नाही. पण एवढ्या रोपांना जागा लागते, आणि जागा शोधताना नजर पडते ती माळावर. महसुली भाषेत तो पडीक. त्याच्यावर झाड नाही, म्हणजे काही नाही, असा हिशेब होतो. पावसाळा सरताना अशा माळावर गुडघ्यावर बसून भिंगातून पाहिलं तर हा हिशेब टिकत नाही. मारवेल, शेडा, पवन्या, कुसळी ही गवतं एकमेकांत मिसळून उभी असतात, आणि त्यांच्या बुडाशी बारीक शेंगवर्गी वेली, भुईला चिकटलेल्या औषधी आणि पाऊस संपताच दिसेनासे होणारे कंद. कुसळीचं एकच दाणेदार टोक तळहातावर घ्यावं: खाली सुईसारखी टोकदार आणि उलट्या केसांची गाठ, वर लांब कुसळ, आणि ते कुसळ दोरीसारखं पिळलेलं. ओल लागली की पीळ सुटतो, ऊन लागलं की पुन्हा वळतो, आणि या वळण्या-सुटण्याने बी जमिनीत शिरत जातं. कोरड्या माळावर रुजायची सोय या गवताने स्वतःपुरती अशी करून घेतली आहे. हातभर मुरुमाच्या थरावर सावलीचं झाड जगवायला टँकर लागतो. हे गवत दर वर्षी स्वतः येतं, माती धरून ठेवतं आणि मेंढपाळाच्या कळपाला चारा देतं. तिथे गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावली तर हिरवळ वाढल्यासारखी दिसते, पण गवत सावलीत मरतं आणि त्याच्यावर जगणारं सगळंच हलतं.

यावर एक रास्त प्रतिप्रश्न येतो. माळ सोडा, पण रस्त्याच्या कडेला, गावठाणात, शाळेच्या आवारात, विहिरीच्या काठाला तरी झाडं नकोत का? हवीत, भरपूर हवीत, आणि तिथे आम्हीही रोपं लावतो. पण कोणती? रोपवाटिकेत जे सहज मिळतं तेच लावलं जातं, आणि सहज मिळतं ते ज्याचं बी दर वर्षी पोत्याने सापडतं. आपल्या जिल्ह्याचं म्हणावं असं झाड अंजन. ज्ञानगंगेच्या जंगलात ते आहे. उथळ, दगडाळ जमिनीवर ते उभं राहतं, पाला गुरं खातात, साल दोरांना चालते, लाकूड देशातल्या सर्वांत जड लाकडांपैकी एक. त्याचं पान म्हणजे देठाच्या टोकाला जोडलेल्या दोन पत्रिका, आणि शेंग कागदासारखी पातळ, तिच्या टोकाशी एकच बी, वाऱ्यावर भिरभिरत जाणारी. कोवळं रोप आधी मूळ खाली घालतं, खोल घालतं, आणि वर वाढण्याची घाई करत नाही. पिशवीत जास्त दिवस ठेवलं की ते मूळ वेटोळं घेतं आणि रोप पुढे नीट जगत नाही. त्यातून अंजनाला भरपूर बी दर वर्षी येत नाही. चांगलं बीजवर्ष साधारण तीन ते पाच वर्षांनी येतं. मधल्या वर्षांत रोपवाटिकेला बी मिळत नाही, म्हणून अंजनाची रोपं नाहीत, म्हणून त्याच्या जागी काशीद आणि गुलमोहर. ही साखळी तोडायची तर कोणत्या डोंगरउतारावरच्या अंजनाला कोणत्या वर्षी बी धरलं हे कुणीतरी सलग लिहून ठेवलं पाहिजे. म्हणजे झाडं लावणाऱ्यालाही आमची वही लागतेच. माझं भांडण वृक्षारोपणाशी नाही. आधी काय आणि मग काय या क्रमाशी आहे.

लोणार हे याचं सर्वांत ठळक उदाहरण आहे. बेसॉल्टच्या खडकात उल्केच्या आघाताने झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर आणि त्यातलं अल्कधर्मी पाणी जगाला माहीत आहे. २०२० साली त्याला रामसर पाणथळीचा दर्जाही मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा देशभरातून चौकशा झाल्या. विवराच्या वनस्पतींबद्दल मात्र फार थोडे विचारतात. वरून खाली उतरताना वनस्पतींचे पट्टे बदलत जातात: उताराला साग, धावडा, सीताफळ असं कोरडं पानगळीचं जंगल, खाली बाभूळ, मग खारट चिखलाचा जवळजवळ उघडा पट्टा, आणि गोड्या पाण्याचे झरे जिथे खाली येतात तिथे एकदम लव्हाळ्याची दाटी. एवढ्या थोड्या अंतरात माती, क्षार आणि पाणी यांचा असा बदल दुसरीकडे क्वचित पाहायला मिळतो. या काठावर वेडी बाभूळ माजली. ती मूळची अमेरिका खंडातली, एकोणिसाव्या शतकात भारतात आणलेली. ती काढण्याचे निर्देश मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिले आणि काम सुरू झालं. काढणं योग्यच. पण काढल्यावर पुढे काय, हा प्रश्न न्यायालयाच्या आदेशाने सुटत नाही. त्या जागी पूर्वी काय होतं हे माहीत असेल तर ते परत येऊ देता येतं. माहीत नसेल तर मोकळ्या जमिनीवर गाजरगवत आधी पोचतं, नाहीतर कुणीतरी सुशोभीकरण म्हणून शोभेची झाडं लावतं. त्यात अलीकडे सरोवराची पातळी वाढून काठावरच्या देवळांपर्यंत पाणी आलं आहे. पातळी चढली की काठाचे पट्टेही सरकणार. ठरावीक खुणांपासून दर ऋतूत पट्ट्यांची अंतरं मोजत राहणं, एवढं काम स्थानिक माणसंच करू शकतात. बाहेरून आलेला संशोधक चार दिवस राहून जातो. त्याचा अभ्यास खोल असतो, पण त्याला एकच ऋतू दिसतो.

सूची २००० साली झाली आहे, मग तीच तीच झाडं पुन्हा कशाला लिहायची, असंही विचारलं जातं. शिवाय आता मोबाइलवर फोटो काढला की नाव मिळतं. दोन्ही शंका विचार करण्याजोग्या आहेत. सूची सांगते की ही वनस्पती जिल्ह्यात आहे. ती वाढते आहे की घटते आहे, हे एकटी सूची सांगू शकत नाही. त्यासाठी त्याच जागी पुन्हा जावं लागतं. ब्रिटन आणि आयर्लंडच्या वनस्पती मंडळाचं उदाहरण इथे उपयोगाचं आहे. तिथल्या हौशी सभासदांनी देशाचे दहा-दहा किलोमीटरचे चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनात काय आहे हे लिहीत गेले. पहिला नकाशासंग्रह १९६२ साली निघाला, पुढचा २००२ साली, त्यानंतरचा २०२३ साली. तिन्ही शेजारी ठेवल्यावर दिसलं की ब्रिटनमधल्या निम्म्याहून अधिक मूळच्या वनस्पती मागे हटल्या आहेत, आणि त्यांत दुर्मीळ म्हणून कुणी जपलेल्या कमी, शेताकुरणातल्या नेहमीच्याच बऱ्याच. नेहमीच्या वनस्पतींकडे कुणाचं लक्ष नसतं, म्हणून त्यांची घट शेवटी कळते. आपल्याकडे कापसाची जागा सोयाबीनने घेतली, निंदणाच्या जागी तणनाशकाची फवारणी आली. बांधावरचा कुंजर, पाथरी, तांदुळजा यांचं काय झालं हे वहीवाचून कोण सांगणार? बाजारात भाजी विकणाऱ्या बाया सांगतात की पूर्वी जवळ मिळायची ती आता लांब जाऊन आणावी लागते. ते खरं असणार. पण पुढच्या पिढीने ते मानावं असं वाटत असेल तर शिवाराचं नाव आणि वर्ष लागतं.

येणाऱ्यांची नोंदही तेवढीच महत्त्वाची. गाजरगवत पुण्यात उगवल्याची टिपणी आर. एस. राव यांनी १९५६ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये दिली. छोटीशी टिपणी, पण आज त्या तणाच्या फैलावाचा इतिहास सांगताना तिचा आधार घ्यावाच लागतो. बागेतून निसटलेला पिवळा-केशरी कॉसमॉस महाराष्ट्रात रस्त्यांच्या कडेने पसरतो आहे, लोक थांबून त्याच्यासोबत फोटो काढतात. तो कोणत्या तालुक्यात कोणत्या वर्षी पोचला हे आत्ता लिहिलं तर पुढे कामाला येईल. मोबाइलच्या ॲपबद्दल म्हणाल तर ते मी वापरतो आणि विद्यार्थ्यांनाही वापरायला सांगतो. पळस, बहावा, धोतरा ते बरोबर ओळखतं. पण गवतं आणि लव्हाळी यांच्या ओळखीची खूण तुसाच्या आत, दाण्याच्या टोकाशी असते. फोटोत ती येत नाही. शास्त्रीय नावंही बदलतात. बाभळींच्या प्रजातीची वाटणी झाली, वेड्या बाभळीला २०२२ साली नवी प्रजाती मिळाली. नाव चुकलं किंवा बदललं तरी कागदावर चिकटवलेला नमुना पुन्हा उघडून तपासता येतो.

नमुने घेऊन तुम्हीच वनस्पती संपवता, हा आक्षेप विद्यार्थी घेतात, आणि त्यांनी तो घ्यावा. आमच्या कामात एक पथ्य आहे: आसपास किमान वीस रोपं दिसली तरच एक घ्यायचं, कंद उपटायचा नाही, आणि शंका असेल तर फांदी न तोडता फोटो आणि मोजमाप घ्यायचं. याहून गंभीर शंका गावाकडून येते. सफेद मुसळी कुठे आहे, डिंकाची सालई कोणत्या नाल्यात उरली आहे, हे लिहून ठेवलं तर व्यापाऱ्याला वाट दाखवल्यासारखं होईल. ही भीती पोकळ नाही. मुसळी सातपुड्यातून पोत्यांनी उपटली गेली आहे. म्हणून अशा वनस्पतींची नेमकी जागा आम्ही छापील यादीत देत नाही, फक्त तालुका देतो, आणि मूळ वही गावाकडे राहावी असा आग्रह धरतो. त्यासाठी कायद्याची चौकटही आहे. २००२ चा जैवविविधता कायदा आणि त्याखालचे नियम यांनी प्रत्येक ग्रामपंचायत आणि नगरपालिकेत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही अनिवार्य केली. माधव गाडगीळ यांनी मांडलेल्या या कल्पनेचा गाभा असा, की माहिती ज्याची आहे त्यानेच ती लिहावी. पुढे राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, चुकलेल्या राज्याला महिना दहा लाखांचा दंड ठरवला, आणि देशभर नोंदवह्या झपाट्याने भरल्या गेल्या. मुदतीने वही तयार होते. पण गवत ओळखायला दोन पावसाळे लागतात, आणि ते ओळखणारा माणूस तहसीलच्या गावी बसलेला नसतो. तो मेंढरामागे असतो. कोणतं गवत दूध वाढवतं, कोणतं वाळल्यावर जनावर तोंड लावत नाही, हे त्याला विचारूनच आमच्या वहीतले बरेच रकाने भरले गेले. जळगाव जामोदच्या डोंगरपायथ्याला कोरकू आणि निहाल कुटुंबं आहेत. निहालांची भाषा कोणत्याही भाषाकुळात बसत नाही आणि ती बोलणारे अगदी थोडे उरले आहेत. त्यांच्याकडची झाडांची नावं उच्चारासह लिहायची असतील तर ते काम आजच्या म्हाताऱ्यांच्या हयातीतच व्हायला हवं.

एक अडचण मात्र आमच्यासारख्या मंडळाला एकट्याने सोडवता येणार नाही. महाविद्यालयांत वनस्पतीशास्त्राकडे येणारी मुलं कमी झाली आहेत, आणि आलेल्यांना वर्गीकरणापेक्षा प्रयोगशाळेतली नोकरी जवळची वाटते, यात त्यांचा दोष नाही. पण जमा केलेले कागद कुठे ठेवायचे? दमट खोलीत एक पावसाळा काढला की कीड लागते. आम्ही प्रत्येक नमुन्याच्या दोन प्रती करतो. एक पुण्याला, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राच्या संग्रहासाठी योग्य ठरेल अशा रीतीने तयार केलेली, आणि दुसरी जिल्ह्यातच, जेणेकरून लोणारच्या किंवा संग्रामपूरच्या मुलाला आपल्या शिवाराचं गवत पाहायला रेल्वेने जावं लागू नये. या दुसऱ्या प्रतीसाठी एक कोरडी खोली, पत्र्याची बंद कपाटं आणि वर्षातून दोनदा कागद उलटून पाहणारा एक माणूस, एवढीच मागणी आहे. एका गावात हजार रोपं लावून त्यांना तीन उन्हाळे पाणी घालण्याच्या खर्चाशी तुलना केली तर ही रक्कम फार थोडी आहे. ज्या पालिकेने किंवा महाविद्यालयाने ती देऊ केली, त्यांच्या वृक्षारोपणाच्या यादीत कोणती झाडं असावीत आणि कोणता माळ तसाच सोडावा, हे आम्ही त्या कपाटातले कागद समोर ठेवून सांगू.